अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा संपत आला असेल तर : नागपूरच्या ज्येष्ठ पालकांसाठी मार्गदर्शन

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाल्यामुळे दर एक-दोन वर्षांनी चार-सहा महिने तिकडे जाऊन राहणारी ज्येष्ठ जोडपी आज धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत नागपूरच्या प्रत्येक वस्तीत आढळतात. त्यांपैकी अनेकांना २०१५-१६च्या सुमारास दहा वर्षांचा बी१/बी२ (व्यवसाय-पर्यटन भेटीचा) व्हिसा मिळाला होता आणि तो आता संपला आहे किंवा संपण्याच्या बेतात आहे. पहिल्या वेळी सगळी कागदपत्रे मुलाने तिकडून पाठवली होती, अर्ज कुणीतरी भरून दिला होता आणि मुंबईला जाऊन दोन मिनिटांत मुलाखत आटोपली होती, एवढेच बहुतेकांना आठवते. दहा वर्षांनंतर पुन्हा अर्ज करताना मात्र परिस्थिती एका बाबतीत पूर्णपणे बदललेली असते, ती अशी की अधिकाऱ्यासमोर आता तुमचा नवा अर्ज एकटा नसतो. तुमचा जुना अर्ज, बोटांचे ठसे, प्रत्येक प्रवेशाची आणि परतीची तारीख हे सारे त्याच्या संगणकावर असते आणि नवा अर्ज त्याच्याशी ताडून पाहिला जातो. म्हणून नूतनीकरणाची तयारी म्हणजे मुख्यतः आपल्याच जुन्या नोंदी शोधून काढण्याची आणि त्यांच्याशी सुसंगत, खरा अर्ज भरण्याची तयारी होय. हे काम निवांतपणे, घरी बसून आणि स्वतः केले तर अवघड नाही.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

सर्वाधिक घोटाळा या दोन तारखांत होतो, म्हणून आधी त्यांचा खुलासा करतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर जी अंतिम तारीख असते, ती अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची मुदत असते. तिथे किती दिवस राहता येईल हे त्या व्हिसावर लिहिलेले नसते. ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. बी२ प्रवाशाला सामान्यतः सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. त्यामुळे ‘व्हिसा २०३५पर्यंत आहे, मग घाई कशाला?’ असे म्हणून सहा महिन्यांनंतरही तिथेच राहणे हा नियमभंग ठरतो. उलट, व्हिसा मुक्कामाच्या काळात संपला, तरी आय-९४वरील तारीख उलटलेली नसेल तर चिंतेचे कारण नाही. त्या तारखेपर्यंत राहून परत यावे आणि नवा व्हिसा भारतात आल्यावर घ्यावा.

मुदतीपेक्षा अधिक राहिल्याचे परिणाम गंभीर आहेत. आय-९४ची तारीख ओलांडल्यास हातातला व्हिसा, त्यावर पुढची कितीही वर्षे शिल्लक असली तरी, कायद्याने आपोआप रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाला तर देश सोडल्यानंतर तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. सत्तरीतल्या माणसासाठी दहा वर्षांच्या बंदीचा अर्थ नातवंडांचे सगळे बालपण दुरून पाहणे एवढाच होतो, म्हणून हा नियम मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

पासपोर्टची मुदत हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. व्हिसाची मुदत शिल्लक असताना पासपोर्ट संपला तर नवा पासपोर्ट काढावा आणि जुना जपून ठेवावा. जुन्या पासपोर्टवरील व्हिसा चालतो, मात्र प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत आणि व्हिसाचे पान फाटलेले किंवा खराब झालेले नसावे. पासपोर्ट सेवा केंद्रात जुना पासपोर्ट रद्द करण्यासाठी देताना त्यात वैध व्हिसा आहे हे तिथल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आणून द्यावे. शिवाय पासपोर्ट थोड्याच महिन्यांत संपणार असेल, तर विमानतळावरील अधिकारी मुक्कामाची तारीखही पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आखडती घेऊ शकतो. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा, हा क्रम मोडू नये.

मुलाखतीतून सूट कुणाला मिळते

खरे पाहता अमेरिकी व्हिसाचे ‘नूतनीकरण’ असे वेगळे काही नसते. दर वेळी नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवा निर्णय असतो. आधीच्या व्हिसाधारकाला मिळते ती सवलत प्रत्यक्ष मुलाखतीतून सूट मिळण्याची, जिला आपल्याकडे सगळेच ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात. करोनाच्या काळात ही सवलत बरीच सैल करण्यात आली होती आणि व्हिसा संपून ४८ महिने झाले असले तरी ती मिळत असे. सप्टेंबर २०२५पासून नियम कडक झाले आहेत. आता बी१/बी२साठी सूट मिळायची असेल तर आधीचा व्हिसा पूर्ण मुदतीचा, म्हणजे भारतीयांच्या बाबतीत दहा वर्षांचा, असला पाहिजे. तो मिळाला तेव्हा अर्जदाराचे वय किमान १८ असले पाहिजे, आणि तो संपून १२ महिन्यांहून अधिक काळ लोटलेला नसावा. अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा लागतो, आणि पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल व तो नकार नंतर दूर झालेला नसेल तर ही सूट मिळत नाही.

येथे दोन गोष्टी ज्येष्ठांनी विशेष लक्षात घ्याव्यात. पूर्वी ७९ वर्षांवरील अर्जदारांना केवळ वयामुळे मुलाखतीतून सूट मिळत असे, ती आता मिळत नाही. त्यामुळे ८२ वर्षांच्या आजोबांचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी संपला असेल तर त्यांनाही मुलाखतीला जावे लागेल. दुसरी गोष्ट अशी की, पती-पत्नीचे व्हिसा वेगवेगळ्या वेळी मिळालेले असतील तर एक सवलतीत बसतो आणि दुसरा बसत नाही, असे घडू शकते. अशा वेळी दोघांचे एकत्रित अपॉइंटमेंट घेण्याचा आग्रह सोडून ज्याची मुदत आधी उलटते त्याचा अर्ज आधी करावा. व्हिसा संपण्याची वाट पाहणेही आवश्यक नाही. प्रवास ठरलेला नसला तरी व्हिसाच्या अखेरच्या वर्षातच कागदपत्रे काढून बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा महिन्यांची मुदत पाहता पाहता निघून जाते, आणि त्या चुकीची किंमत म्हणजे मुलाखतीच्या तारखेसाठीची दीर्घ प्रतीक्षा असते.

सवलतीत बसणाऱ्या अर्जदारालाही मुलाखतीला बोलावण्याचा अधिकार वाणिज्य दूतावासाकडे राहतोच. तसे बोलावणे आले तर ते नकाराचे चिन्ह समजू नये.

डीएस-१६० : खरा कस इथे लागतो

डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र असतो, पती-पत्नींचाही. अर्ज सुरू करताच वर जो अर्ज क्रमांक दिसतो तो आणि त्यासोबत विचारलेल्या सुरक्षा प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवावे, कारण वीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर पान बंद पडते आणि त्या क्रमांकाशिवाय पुन्हा आत जाता येत नाही. अर्धवट अर्ज तीस दिवस जपून राहतो, त्यामुळे तो एका बैठकीत संपवण्याचे कारण नाही. दोन-तीन संध्याकाळी थोडा थोडा भरावा.

अर्जाला बसण्यापूर्वी जुना डीएस-१६० मिळतो का ते पाहावे. मुलाच्या ई-मेलमध्ये, जुन्या फायलीत किंवा अर्ज भरून देणाऱ्याकडे त्याची प्रत असू शकते. ती मिळाली तर अर्धे काम झाले. न मिळाल्यास निदान जुने व नवे पासपोर्ट आणि जुना व्हिसा समोर ठेवावा.

पहिली अडचण नावाची येते, आणि ती मराठी घरांत फार ठळक असते. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव मिळून ‘गिव्हन नेम’ असते आणि आडनाव वेगळे. आधार कार्डावर ‘वसंतराव’ असते, पासपोर्टवर ‘वसंत’ असते, पेन्शनच्या कागदावर आणखी तिसरेच स्पेलिंग असते. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, एकही अक्षर न बदलता, लिहावे. ‘राव’, ‘बाई’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ यांपैकी काहीही पदरचे जोडू नये. यापुढचा प्रश्न असतो तुम्ही कधी दुसऱ्या नावाने ओळखले गेला आहात का, असा, आणि बहुतेक स्त्रिया येथे निष्काळजीपणे ‘नाही’ लिहितात. लग्नापूर्वीचे संपूर्ण नाव, तसेच लग्नात सासरी ठेवलेले नाव वेगळे असेल तर तेही, येथे लिहिणे आवश्यक आहे. त्याच अर्जात मातृभाषेच्या लिपीत नाव लिहायलाही जागा असते. तिथे देवनागरीत पूर्ण नाव लिहावे.

जन्मस्थळाचा प्रश्न विदर्भातल्या ज्येष्ठांना हमखास अडवतो. १९५६च्या नोव्हेंबरपूर्वी नागपुरात जन्मलेल्या व्यक्तीचा जन्म तेव्हाच्या मध्य प्रदेशात किंवा त्याआधीच्या मध्य प्रांतात झालेला असतो. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. तसेच गोंदिया पूर्वी भंडारा जिल्ह्यात, वाशीम अकोला जिल्ह्यात आणि गडचिरोली जुन्या चांदा जिल्ह्यात होते. इतिहासाच्या दृष्टीने अचूक उत्तर देण्याचा मोह येथे टाळावा आणि पासपोर्टवर जे छापले आहे तेच लिहावे. जन्मतारखेचेही तसेच आहे. शाळेत गुरुजींनी १ जुलै नोंदवली, खरी तारीख श्रावणातली कुठलीतरी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते, परंतु कागदोपत्री तुमची तारीख पासपोर्टवरचीच. आईवडिलांच्या नावांबरोबर त्यांच्या जन्मतारखाही विचारल्या जातात. त्या खरोखर माहीत नसतील तर ‘माहीत नाही’ असा पर्याय दिलेला आहे. तो निवडावा, अंदाजे तारीख घालू नये.

आता या अर्जातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या पानाकडे वळू, ते म्हणजे अमेरिकेच्या पूर्वीच्या प्रवासांचे पान. त्यात शेवटच्या पाच भेटींच्या आगमनाच्या तारखा आणि मुक्कामाचा कालावधी लिहायचा असतो. बहुतेक जण येथे ‘२०१९, सहा महिने’ असे आठवणीवर लिहून मोकळे होतात. तसे करू नये. जुना पासपोर्ट घेऊन दिव्याखाली बसावे आणि शिक्के एकेक करून वाचावेत. अमेरिकेचा प्रवेशाचा शिक्का कधी फिका असतो, कधी दुसऱ्या शिक्क्यावर पडलेला असतो, आणि परत निघताना अमेरिका शिक्का मारतच नाही. तेव्हा परतीची तारीख ठरवण्यासाठी भारतात उतरल्यावर मिळालेला शिक्का पाहावा. नागपूरहून दोहामार्गे गेलेल्यांच्या पासपोर्टवर नागपूर विमानतळाचा, तर मुंबई-दिल्लीमार्गे गेलेल्यांच्या पासपोर्टवर तिथला शिक्का असतो. अमेरिकेच्या आय-९४ संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून अलीकडच्या प्रवासांचा इतिहासही विनामूल्य पाहता येतो. पासपोर्ट बदललेला असेल तर जुना क्रमांक टाकूनही पाहावे. या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून तो कागद पासपोर्टच्या पिशवीत ठेवला की पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच उपयोगी पडतो.

दुसरा नाजूक प्रश्न असा असतो की तुमच्यासाठी कुणी अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे स्थलांतराचा अर्ज दाखल केला आहे का. मुलगा नागरिक झाल्यावर त्याने हौसेने आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला, नंतर विचार बदलला आणि तो विषय मागे पडला, अशी उदाहरणे कमी नाहीत. अर्ज कधीही दाखल झाला असेल तर उत्तर ‘होय’ हेच असले पाहिजे. त्यामुळे व्हिसा मिळणे कठीण होऊ शकते, हे खरे. परंतु लपवलेली माहिती उघड झाल्यास खोटे कथन केल्याचा ठपका येतो आणि त्याची प्रवेशबंदी कायमची असते. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे, कारण कधीकधी आईवडिलांना याची कल्पनाच नसते. पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, या प्रश्नालाही हेच तत्त्व लागू आहे, मग तो नकार वीस वर्षांपूर्वीचा का असेना.

समाजमाध्यमांच्या पानावर गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे विचारली जातात. नातवाने उघडून दिलेले फेसबुक खाते किंवा भजनाचे व्हिडिओ टाकण्यासाठी केलेले यूट्यूब चॅनल यांचाही त्यात समावेश होतो. प्रवासाच्या हेतूबद्दल सरळ लिहावे. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी सोबतीला जात असाल तर तसेच सांगावे. मागच्या तिन्ही भेटी साडेपाच महिन्यांच्या असताना या वेळी ‘तीन आठवडे’ असे लिहिले तर ते नोंदीशी विसंगत दिसते, म्हणून खरोखर जितके राहायचे आहे तितकेच लिहावे. मात्र या व्हिसावर मोबदला घेऊन कोणतेही काम करता येत नाही. तिथल्या मराठी कुटुंबांना डबे करून देणे, शेजाऱ्यांची मुले पैसे घेऊन सांभाळणे किंवा गाण्याच्या शिकवण्या घेणे हेही त्यात आले.

फोटो दोन इंच लांब व दोन इंच रुंद, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला आणि चष्म्याविना हवा. चष्म्याची बंदी २०१६च्या नोव्हेंबरपासून आहे. मागच्या व्हिसावरचाच फोटो पुन्हा लावू नये. सगळा अर्ज झाल्यावर ‘सबमिट’ करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी तो पासपोर्ट समोर ठेवून मोठ्याने वाचून दाखवावा. सबमिट झालेला अर्ज दुरुस्त करता येत नाही, नवा भरावा लागतो, आणि नवा भरला तर त्याचा बारकोड क्रमांक बदलतो. अपॉइंटमेंटमध्ये जो क्रमांक नोंदवला आहे तोच क्रमांक सोबतच्या पुष्टिपत्रावर (अर्ज सबमिट झाल्यावर मिळणाऱ्या पानावर) असला पाहिजे. या एका विसंगतीमुळे अर्जदारांना दारातून परतावे लागते.

एजंटाविषयीही येथेच सांगतो. सीताबर्डी आणि रामदासपेठेत अर्ज भरून देणारी कार्यालये आहेत आणि ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी त्यांची मदत घेण्यात गैर काही नाही. पण अर्जात लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी कायद्याने अर्जदाराची असते. माझ्या परिचयातील एका निवृत्त जोडप्याचा अर्ज अशाच एका ठिकाणी भरला गेला आणि त्यात पूर्वीच्या दोन भेटींपैकी एकच नोंदवली गेली. वेळ कमी म्हणून भरणाऱ्याने दुसरी विचारलीच नव्हती. सुदैवाने सबमिट होण्यापूर्वी मुलीने तो वाचला. म्हणून एजंटाकडून अर्ज भरून घेतला तरी तो छापून घरी आणावा, वाचावा आणि मगच सबमिट करू द्यावा. ‘लवकरची तारीख मिळवून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकी दूतावासाने भारतात बॉट (आपोआप तारखा घेणारे संगणक-प्रोग्रॅम) वापरून घेतलेली सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केली होती आणि संबंधित खात्यांची तारीख घेण्याची सुविधा स्थगित केली होती.

शुल्क, तारीख आणि मुंबईची फेरी

बी१/बी२ अर्जाचे शुल्क जून २०२३पासून १८५ डॉलर आहे आणि ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्यात व्हिसा मंजूर झाल्यावर घ्यावयाच्या २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद आहे. तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर जी रक्कम दिसेल तीच ग्राह्य धरावी. तारीख एकदाच बदलता येते. त्यानंतर पुन्हा बदलायची झाल्यास शुल्क नव्याने भरावे लागते. म्हणून तारीख घेण्यापूर्वी घरातले लग्नकार्य, डोळ्यांचे ऑपरेशन, रेल्वेचे आरक्षण हे सगळे पाहून घ्यावे.

नागपुरात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नाही. महाराष्ट्र मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतो, परंतु भारतीय अर्जदाराला दिल्ली, चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबाद येथेही अर्ज करता येतो. नागपूरकरांना हैदराबाद अंतराने मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि तिथे तारीख लवकर मिळत असेल तर तो पर्याय जरूर विचारात घ्यावा. मुलाखतीतून सूट मिळालेल्यांनी कागदपत्रे जमा करण्याच्या केंद्रावर जाताना सध्याचा पासपोर्ट, जुन्या व्हिसाचा पासपोर्ट, फोटो, डीएस-१६०चे पुष्टिपत्र आणि अपॉइंटमेंटचे पत्र एवढेच न्यावे, आणि पत्रावर आणखी काही मागितले असेल तर ते. बँकेची पासबुके, नागपूर सुधार प्रन्यासचे आर.एल. पत्र, आखीव पत्रिका, सातबारा अशी जाडजूड फाईल तिथे देण्याची गरज नसते.

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) आहे. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरून थेट मुलाखतीला जाण्याचा बेत ज्येष्ठांनी करू नये. गाडीला दोन तास उशीर झाला की सगळेच बिघडते. आदल्या दिवशी पोहोचावे. मेट्रो ३चे बीकेसी स्थानक झाल्यापासून दादर किंवा सीएसएमटीहून तिथे जाणे पुष्कळ सोपे झाले आहे. मोबाइल, स्मार्ट घड्याळ आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, त्यामुळे सोबत कुणीतरी असावे आणि त्याच्याकडे या वस्तू द्याव्यात. मुलाखत मराठीतून देता येते. इंग्रजी अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत स्वच्छ बोलणे केव्हाही चांगले.

मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न थोडे असतात : कुणाकडे जाता, मुलगा काय करतो, मागच्या वेळी किती राहिलात, इथे कोण आहे. कायदा असे गृहीत धरतो की प्रत्येक अर्जदार तिथेच राहण्याच्या हेतूने जात आहे, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. दर वेळी मुदतीच्या आत परत आल्याची नोंद हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, शेती, इथे राहणारी दुसरी मुले यांविषयी विचारल्यास दोन वाक्यांत सांगावे. विचारले नाही तर सांगत बसू नये. अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी)चा कागद हातात मिळाला तर त्याचा अर्थ निर्णय लांबणीवर पडला आहे असा असतो. त्यावर मागितलेली कागदपत्रे सांगितल्या पद्धतीने सादर करावीत आणि प्रकरणाची स्थिती संकेतस्थळावर पाहत राहावी. पासपोर्ट व्हिसासह हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये. व्हिसा हाती आल्यावर त्यावरील नाव, जन्मतारीख व पासपोर्ट क्रमांक त्याच दिवशी तपासावेत.

तिकडे पोहोचल्यावर आणि मुक्काम वाढवायचा झाल्यास

विमानतळावरून घरी पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच आय-९४ संकेतस्थळावरून आपली नोंद छापून घ्यावी. नावात चूक, मुक्कामाची तारीख अपेक्षेपेक्षा आधीची, किंवा नोंदच सापडत नाही, असे काही आढळल्यास सीमाशुल्क व सीमासंरक्षण विभागाच्या जवळच्या कार्यालयातून दुरुस्ती करून घेता येते, आणि ती लगेच केलेली बरी.

अंतिम तारखेच्या आत परतणे हाच राजमार्ग आहे. तरीही आजारपण, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण लांबणे यांसारख्या खऱ्या कारणासाठी मुक्काम वाढवायचा असेल तर नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे आय-५३९ हा अर्ज करता येतो. तो आय-९४ची तारीख संपण्यापूर्वी पोहोचलाच पाहिजे आणि किमान ४५ दिवस आधी करावा, अशी खुद्द त्या खात्याची सूचना आहे. १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या दरानुसार त्याचे शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. अर्जासोबत मुक्काम का वाढवायचा, किती दिवसांसाठी, खर्च कोण करणार आणि नंतर परत जाण्याची व्यवस्था काय, हे सांगणारे पत्र व त्याचे पुरावे जोडावेत. डॉक्टरांचे पत्र, मुलाच्या बँकेचे विवरण आणि बदललेले परतीचे तिकीट यांचा येथे उपयोग होतो. आपल्या निवृत्तिवेतनाचे कागद मराठीत असतील तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. अर्जातील तारखा महिना, दिवस, वर्ष या क्रमाने लिहायच्या असतात. ०५/०८ म्हणजे तिथे ८ मे होय, ५ ऑगस्ट नव्हे.

अर्ज वेळेत केला असेल तर निर्णय येईपर्यंतचा काळ सामान्यतः बेकायदा मुक्कामात मोजला जात नाही. निर्णयाला अनेकदा महिने लागतात आणि तोवर पुष्कळ जण परतही येतात. अशांनी अर्जाची पोचपावती आयुष्यभर जपून ठेवावी, कारण पुढच्या वेळी विमानतळावर किंवा नव्या व्हिसाच्या वेळी ‘त्या वर्षी तारखेनंतर का राहिलात?’ या प्रश्नाला तीच पावती उत्तर देते. अर्ज नाकारला गेला तर विलंब न लावता निघावे. गुंतागुंत असेल तर तिथल्या स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा.

सहा महिने राहून भारतात जेमतेम एक-दोन महिने काढायचे आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी जायचे, असा परिपाठ ठेवणाऱ्यांना विमानतळावर हटकले जाते आणि कमी दिवसांचा मुक्कामही मिळू शकतो. यासाठी दिवसांचा ठरावीक नियम लिहिलेला नसला, तरी वर्षातला मोठा भाग आपण भारतात राहतो हे नोंदींतून दिसले पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांनी परतीची तारीख ठरवताना नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याचाही विचार करावा. हल्ली जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो देता येतो, पण त्यासाठी आपला भारतीय मोबाइल क्रमांक तिकडेही चालू ठेवावा.

परत आल्यानंतर आठवडाभराने आय-९४ संकेतस्थळावर आपल्या निर्गमनाची नोंद झाली आहे की नाही, ते पाहावे. ती झालेली नसेल, आणि विशेषतः कॅनडामार्गे जमिनीवरून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत असे घडू शकते, तर बोर्डिंग पास, भारतात उतरल्याच्या शिक्क्याची प्रत आणि तिकीट हे तिन्ही एकत्र करून त्या प्रवासाच्या आय-९४च्या छापील प्रतीला टाचून ठेवावे.